आजोबांच्या दिवाळ्याची नक्कल

दिवाळं काही कुणाचंही निघत नाही. त्यासाठी माणसाजवळ आधी काहीतरी असावं लागतं. माझंच बघा. सत्तरी उलटली, पण मनात आणलं तरी मला दिवाळं काढणं जमायचं नाही. फार तर महिनाअखेर निघते, आणि ती मी कित्येक वर्षं नेमाने काढतो आहे. माझ्या आजोबांची गोष्टच निराळी. त्यांचा साबणाचा कारखाना होता आणि तो बुडाला तेव्हा अख्खा तालुका हळहळला होता.

निदान मी तरी तसं सांगत आलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लोखंडी बाकडं आहे. संध्याकाळी त्यावर आम्ही रिकामटेकडे बसतो. माझी जागा मधली. दोन्ही बाजूंना सारखं ऐकू जावं म्हणून. कारखान्याचा फेस ओढ्यात सुटला की खालच्या गावातली माणसं फुकटात आंघोळ उरकून घ्यायची. कारखान्याच्या धुराड्यावरून वारा आला की वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवून निघायचे. आणि दिवाळं निघालं त्या दिवशी सावकारांची रांग एवढी लांब होती की शेवटच्या सावकाराला आपण कशाच्या रांगेत उभे आहोत हेच ठाऊक नव्हतं. असं बरंच काही मी त्या बाकड्यावर सांगितलं आहे. सगळंच खोटं असेल असं नाही. मी आजोबांना पाहिलेलं नाही, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येतं, इतकंच.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग हेडमास्तरांनी पुस्तक काढायचं ठरवलं.

हेडमास्तर आमच्या समोरच्या घरात राहतात. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून रस्त्यात दोन माणसं बोलताना दिसली की ते जाता जाता ‘शांतता!’ म्हणतात, आणि माणसं गप्प होतात. तालुक्यातल्या जुन्या उद्योगी माणसांवर त्यांचं पुस्तक होतं. प्रत्येकाला एक पान, एक फोटो. ही बातमी माझ्या आत्याच्या कानावर गेली.

आत्या म्हणजे आजोबांची धाकटी लेक. वय नव्वदीच्या आसपास, मुक्काम आमच्याच घरी, मागच्या खोलीत. तिथे एक खाट, खाटेखाली एक पत्र्याची पेटी, आणि पेटीला हात लावणाऱ्यासाठी एक काठी. नवल एवढंच की त्या खोलीत मुंगी, डास, झुरळ, काही म्हणजे काही फिरकत नाही. याचं श्रेय आम्ही सगळे तिच्या जिभेला देत आलो होतो.

तिने हेडमास्तरांना घरी बोलावलं.

“मास्तर, माझ्या बाबांचा फोटो घे रे तुझ्या पुस्तकात.”

“घेतो की आत्या. पण पुरावा?”

“कसला पुरावा?”

“कारखाना होता याचा. माझ्या सख्ख्या वडिलांचं पान आहे, तेसुद्धा मी पुरावा बघून घातलंय.”

“तुझ्या बापाला मी चांगली ओळखत होते. पुरावा बघितलास ते बरंच केलंस.”

हेडमास्तरांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं आणि माझ्याकडे वळले. “तुम्ही बाकड्यावर सांगता ना, आजोबांचं दिवाळं निघालं म्हणून? मग प्रश्नच नाही. दिवाळं कोर्टात निघतं. कोर्टात कागद असणार. निकालाची नक्कल आणा, पान देतो. पण छापखान्यात मजकूर द्यायच्या आत. आणि नाहीच आणता आली, तर ती गोष्ट बाकड्यावर सांगणं थांबवा. लहान मुलं ऐकतात.”

ते गेल्यावर आत्या म्हणाली, “छोट्या, माझे डोळे मिटायच्या आत तेवढं कर.”

आता, छोट्या म्हणजे मीच. आणि ‘डोळे मिटायच्या आत’ हे आत्याचं ठेवणीतलं वाक्य. त्या एका वाक्यावर तिने आजवर एक पंखा, एक कपाट आणि दाताची कवळी मिळवली आहे. पण या वेळी तिचा आवाज जरा हलला. बाबांचा एकच फोटो आहे तिच्याकडे. तो तिने पदराने पुसला आणि मला दिसेल असा उशीपाशी ठेवला. माणूस ओरडला तर त्याच्याशी भांडता येतं. फोटो पुसणाऱ्याशी कसं भांडणार?

संध्याकाळी बाकड्यावर विषय काढला. आमच्या बाकड्याचं एक आहे, सल्ला मागावा लागत नाही. पंगतीत वाढतात तसा आपोआप पानात पडतो. शिंपी म्हणाला, “काका, काही झालं तरी वकील करू नका. आजोबांचं राहील बाजूला, तुमचंच निघेल.” विमेवाला म्हणाला, “हल्ली कुणी जातं का कोर्टात? सगळं कॉम्प्युटरवर असतं.” त्याने मला घरी नेलं आणि तालुक्याच्या कोर्टाचं पान उघडलं. त्यात ‘नादारी’ असं एक खातं होतं. कोर्टात दिवाळ्याला नादारी म्हणतात. बुडालेल्या माणसाला तेवढाच सौम्य शब्द. विमेवाल्याने कळ दाबली, तर कॉम्प्युटरने नादार माणसाचा मोबाइल नंबर मागितला. आम्ही लिहिलं, ‘वारले’. कॉम्प्युटर म्हणाला, ‘कृपया आकडे भरा.’ मग विमेवाल्याने स्वतःचाच नंबर घातला. त्या दिवसापासून त्याला कर्ज फेडण्याच्या सोप्या योजनांचे फोन येतात, आणि त्याचा राग तो अजून माझ्यावर काढतो.

शेवटी मी बसने तालुक्याला गेलो.

कोर्ट म्हणजे एक बैठी इमारत, पुढे ओसरी, ओसरीत बाकं, बाकांवर तारखेला आलेली माणसं. एक कोंबडी सगळीकडे बिनदिक्कत हिंडत होती. तिला कुणी हाकलत नव्हतं, म्हणजे कुठल्यातरी खटल्यातला मुद्देमाल असावी. भिंतीवर एक भलामोठा फळा होता आणि त्यावर नोटिसांचे इतके थर चिकटवले होते की फळा काढून घेतला असता तरी नोटिसा उभ्या राहिल्या असत्या. कोपऱ्यात खिडकी, खिडकीवर पाटी ‘नकला’, आणि खिडकीत कारकून.

“जुन्या नादारीच्या निकालाची नक्कल हवी होती,” मी म्हणालो.

“दाव्याचा नंबर?”

“नंबर नाही माझ्याकडे.”

“मग कसं होणार? नंबर आणा, पाच मिनिटांत काढून देतो.”

“नंबर कुठे मिळेल?”

“दाव्याच्या कागदावर असतो.”

“तो कागदच तर हवाय मला!”

“मिळेल ना. नंबर सांगा.”

मी बाकावर जाऊन बसलो, पाणी प्यायलो आणि पुन्हा खिडकीशी आलो. या वेळी आवाज खाली आणून विचारलं, “नावावरून नाही का सापडणार?”

“सापडेल की. मोठ्या सावकाराचं नाव सांगा.”

“सावकाराचं कशाला? दिवाळं आजोबांचं निघालंय.”

कारकुनाने चष्मा वर सरकवला. “काका, ज्याचं दिवाळं निघतं तो पुन्हा कशाला येतोय इथे विचारायला? तो सुटला. ज्याचं बुडालं तो येतो, आणि तो मरेपर्यंत येतो. म्हणून आमच्याकडे नादारीची नोंद पहिल्यापासून सावकाराच्या नावाने. ज्याचं सगळ्यात जास्त बुडालं, त्याच्या नावाने.”

खरं सांगतो, इतका शहाणपणाचा विचार मी सरकारी खिडकीतून कधी ऐकला नव्हता. मी तिथूनच घरी फोन लावला. आत्याला फोनवर बोलताना पलीकडचा माणूस परदेशात आहे असं समजून ओरडायची सवय आहे, त्यामुळे पुढचं संभाषण अख्ख्या ओसरीने ऐकलं.

“आत्या, आजोबांनी सगळ्यात जास्त कुणाचं बुडवलं?”

“तेलवाल्याचं! साबणाला तेल नको?”

“त्याचं नाव काय?”

“तेलवाला!”

“अगं, ते कळलं. नाव?”

“अख्खा गाव त्याला तेलवाला म्हणायचा! त्याची बायकोसुद्धा!”

कारकून एव्हाना उठून आत गेला होता. तो एक जाडजूड वही घेऊन आला, ‘त’ उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, “आहे. तेलवाला विरुद्ध साबणवाला.”

चाळीस वर्षं मी ज्या दिवाळ्याच्या गप्पा मारत होतो ते खरोखरच निघालेलं होतं! आपण मारलेली थाप खरी निघाली की माणसाला जो आनंद होतो, तो खरं बोलणाऱ्यांच्या नशिबी नसतो.

“आता अर्ज भरा,” कारकून म्हणाला आणि त्याने एक छापील कागद पुढे सरकवला.

कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘नादारीचा अर्ज’.

“हा तर दिवाळं काढायचा अर्ज आहे. मला नक्कल हवीय.”

“नकलेचा वेगळा छापलाच नाही. नादारीची नक्कल मागायला कोण येतंय? हाच भरा. वर ‘नादारीचा’ आहे ते खोडा आणि त्या जागी ‘नकलेचा’ लिहा.”

इथे माझा अभिमान आडवा आला. मी शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस घेतलेला माणूस. (त्या वर्षी स्पर्धेत मी एकटाच होतो, पण परीक्षकांनी मला पहिला नंबर दिला, शेवटचाही देऊ शकले असते.) कागदावर खाडाखोड करणं माझ्या रक्तात नाही. मी मथळा तसाच ठेवला आणि डाव्या समासात, मोत्यासारख्या बारीक अक्षरांत लिहिलं, ‘केवळ नक्कल हवी’. बाकीचे रकाने भराभर भरले. अर्जदाराचं नाव, माझं. पत्ता, माझा. नादारीचं कारण: ‘साबण’. अर्जदाराचा नादारीशी संबंध: ‘वंशपरंपरागत’.

कारकुनाने शिक्का मारला. “नादारीच्या अर्जाची नोटीस फळ्यावर लागते. कुणाची हरकत असेल तर त्यांनी तारखेला यायचं. तुम्ही पण या. मॅडम सही करतील, नक्कल घेऊन जा.”

असं म्हणून त्याने माझ्या अर्जाच्या डाव्या समासाला भरपूर खळ लावली आणि अर्ज फळ्यावर चिकटवला.

मी आनंदात घरी आलो. त्यानंतर दोन-तीन दिवसांत विमेवाला कुठल्याशा दाव्याच्या कामाला तालुक्याच्या कोर्टात गेला. बाकड्यावर परतला तेव्हा, म्हणतात, त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मला हे खोटं वाटतं. विमेवाल्याच्या तोंडून शब्द फुटला नाही असं आजवर घडलेलं नाही.

मला पहिली कुणकुण लागली ती दुधाने. दूध टाकणारा रोज पिशवी दारात फेकून जातो. त्या दिवशी त्याने बेल वाजवली आणि पिशवी माझ्या हातात देऊन हात जोडले. “काका, महिनाभर पैशांचं बघू नका,” तो म्हणाला. मी खूश झालो. दुपारी किराणावाल्याने उधारीचं सामान न देता नमस्कार दिला. मी जरा कमी खूश झालो. संध्याकाळी गल्लीतल्या बायका एकेक करून येऊ लागल्या. आल्या की बायकोचा हात हातात घ्यायच्या, उसासा सोडायच्या, घरातल्या एकेका वस्तूकडे बघायच्या आणि “हे तरी राहील ना?” असं विचारून निघून जायच्या.

बायको आत आली. “अहो, खरं सांगा. तुम्ही दिवाळं काढलंत?”

“कुणी सांगितलं?”

“अख्ख्या गल्लीने! कोर्टात कागद लागलाय तुमच्या नावाचा. कारण काय तर साबण! एवढा साबण कुठे लावलात हो तुम्ही? अंगाला तर कधी दिसला नाही!”

मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मी संपवल्यावर म्हणाली, “छान रचलीत. आता खरं सांगा.”

हीच तर माझी शोकांतिका. आयुष्यभर मी बाकड्यावर जे जे सांगितलं ते ते लोकांनी चहाबरोबर गिळलं. एकदाच, अगदी एकदाच खरं सांगितलं, ते सख्ख्या बायकोच्या घशाखाली उतरेना. बाकड्यावर गेलो तर शिंपी म्हणाला, “काका, आजोबांवर कशाला ढकलता? गेलेला माणूस.” विमेवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा हात त्याने एरवी कधी ठेवला तर त्यात फॉर्म असतो. या वेळी रिकामा होता. तेव्हा मला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा टेम्पो घेऊन दारात हजर.

“ताई, रडू नकोस. दाजी, जप्तीवाले यायच्या आत फ्रिज हलवतो.”

“अरे, कसली जप्ती? आजोबांच्या दिवाळ्याची—”

“कळलं, कळलं. आजोबांचा फ्रिज. तिकडून धरा.”

सांगायला लाज वाटते, पण मी तिकडून धरला. माझ्याच घरातला माझाच फ्रिज मी स्वतः जिना उतरवून टेम्पोत चढवला, कारण मेहुण्याच्या पाठीत उसण भरली होती.

या सगळ्यात आत्या तेवढी मजेत होती. “होऊ दे काय व्हायचंय ते,” ती म्हणाली, “तारखेला मीपण येणार. बाबांचा निकाल मला माझ्या कानांनी ऐकायचाय.” तिने पेटीतून काहीतरी काढून हातपिशवीत टाकलं, पिशवीची नाडी आवळली आणि तारखेच्या सकाळी आमच्या आधी बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली.

बसमध्ये चढतो तर काय, अख्खी गल्ली बसलेली! नोटिशीत म्हणे बारीक अक्षरांत छापलं होतं, ज्यांचं अर्जदाराकडे काही येणं असेल त्यांनी तारखेला हजर राहावं, नाहीतर ते बुडालं असं समजण्यात येईल. बुडालं हा शब्द वाचून घरी बसेल असा माणूस आमच्या गल्लीत अजून राहायला यायचा आहे. सगळ्यांनी मला आदराने खिडकीची जागा दिली. बुडालेल्या माणसाला निदान वारा मिळावा.

कोर्टात माझ्या नावाचा पुकारा झाला. न्यायाधीश मॅडम चाळिशीच्या, नाकाला रुमाल; सर्दी झाली होती.

“अर्जदार कुठेयत?” त्यांनी विचारलं. “आणि ही गर्दी कसली?”

“येणेकरी आहेत, मॅडम,” कारकून म्हणाला.

“एकेकाने बोला.”

शिंपी पुढे झाला. “मॅडम, माझी शिडी. पंखा पुसायचाय म्हणून काकांनी नेली. दोन वर्षं झाली.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “पंखा अजून पुसून झाला नाही?”

“एक पातं राहिलंय, मॅडम.”

विमेवाल्याने सायकलचा पंप सांगितला. हेडमास्तर उभे राहिले, घसा साफ केला. “छत्री. नेताना मुठीसकट होती. परत आली ती फक्त मूठ.” मागून कुणीतरी पीठ चाळायची चाळणी सांगितली, कुणी इस्त्री, कुणी पाहुण्यांसाठी नेलेली सतरंजी. इतक्या वस्तू माझ्या घरात आहेत हे ऐकून मला पहिल्यांदाच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. शेवटी मेहुणा उठला.

“तुमचं काय येणं?”

“माझं येणं नाही, मॅडम. फ्रिज माझ्याकडे आहे. तो तिथेच राहावा अशी विनंती आहे.”

मॅडमनी डोकं धरलं. “नादारी, आणि ती चाळणीपायी? अर्ज द्या बघू इकडे.” कारकुनाने फळ्यावरून सोलून आणलेला अर्ज त्यांनी उजेडाकडे धरला, नखाने खळ खरवडली आणि समासातली माझी मोत्यासारखी अक्षरं बाहेर आली. “अहो, यांना तर नुसती नक्कल हवीय!”

“तेच तर मी सांगत होतो!” मी गरजलो. त्या क्षणाचं सुख मी पुरतं उपभोगणार, इतक्यात हेडमास्तर म्हणाले, “मॅडम, मग तो जुना निकाल सर्वांसमक्ष वाचला जावा. पुस्तकासाठी पुरावा लागतो.”

“वाचा हो,” आत्या पुढच्या बाकावरून ओरडली. “मोठ्याने वाचा!”

जुन्या कागदांचा बस्ता सुटला, धूळ उडाली, मॅडमना दोन शिंका आल्या. कागद इतका जुना होता की उलटताना कुरकुरत होता. मॅडम वाचू लागल्या.

“‘अर्जदार, साबण कारखानदार. कारखान्याची मालमत्ता: चूल एक, कढया दोन, उलथणं एक. कामगार: अर्जदार स्वतः.’”

धुराडं कुठे गेलं? ओढ्याचा फेस? बाकड्यावरची सगळी माणसं हळूहळू माझ्याकडे वळत होती. पण मला भीती त्यांची नव्हती. मी आत्याकडे पाहिलं. ती कानाला हात लावून, मान पुढे काढून ऐकत होती. सगळा जन्म तिने त्या माणसाचा एक फोटो पुसत काढला होता, आणि तिच्या कारखान्याची चूल मी जगासमोर आणून ठेवली होती.

“मॅडम,” मी म्हणालो, “वाचू नका. नुसती नक्कल द्या, आम्ही घरी—”

“छोट्या, खाली बस!” आत्या म्हणाली. मी बसलो.

“‘आज रोजी तेलवाला व इतर सर्व सावकार जातीने हजर. सर्वांनी सांगितले की आमचे येणे आहे, पण आम्ही ते सोडतो. अट एकच. अर्जदाराने यापुढे साबण करू नये.’” मॅडम थांबल्या. त्यांनी ओळ पुन्हा मनातल्या मनात वाचली. “‘न्यायालयाने नमुन्याची वडी मागवून ती लावून स्वतः हात धुतले. अट वाजवी आहे. अर्जदारास मान्य. देणे उरले नाही, सबब नादारी नाही. अर्ज निकाली. न्यायाधीशांचा उजवा हात पट्टीत असल्याने सही डाव्या हाताने केली आहे.’”

क्षणभर कोर्टात फक्त मुद्देमालाचा क्लक्‌क्लक् आवाज आला.

म्हणजे आजोबांचं दिवाळं निघालंच नव्हतं! आमच्या घराण्याचं एकुलतं एक वैभव, त्याच्यावर भर कोर्टात पाणी पडलं, आणि तेही साबणाच्या हातांनी. मी आत्याकडे बघायचं धाडस करत नव्हतो. तेवढ्यात मला ‘खी-खी’ असा आवाज ऐकू आला. आत्या हसत होती. कवळी हातात धरून हसत होती.

“खरंय!” तिने कवळी बसवली. “शंभर टक्के खरंय! आईने एकदा त्या साबणाने माझे केस धुतले. महिनाभर डोक्याला फडकं बांधून हिंडत होते. बाबांनी पुन्हा कढई चढवली नाही हो. पण तो तेलवाला शेवटपर्यंत रोज घरी यायचा, बाबांशी गप्पा मारायला. मला लहानपणी वाटायचं, बाबांनी याचं एवढं बुडवलं, तरी हा येतो कसा? आज कळलं.” आणि मग पदराने डोळे टिपत हेडमास्तरांना म्हणाली, “काय मास्तर? झाला ना पुरावा?”

हेडमास्तर घुटमळले. “कारखाना म्हणजे… चूल… हा कागद झाला. पण प्रत्यक्ष माल—”

“माल हवाय होय?” असं म्हणून आत्याने हातपिशवीची नाडी सोडली आणि फडक्यात गुंडाळलेली एक काळपट वडी टेबलावर ठेवली. ती ठेवताच कारकुनाच्या टेबलावरच्या सगळ्या मुंग्या रांग मोडून पळाल्या, आणि कोंबडी पहिल्यांदाच कोर्टाबाहेर गेली. वडीवर आजोबांचा ठसा होता.

“आत्या!” मी ओरडलो. “हे तुझ्याकडे होतं? मग मला कोर्टात कशाला पाठवलंस? मला आधी का नाही सांगितलंस?”

“मला कुणी विचारलं? सगळे आपले कागद-कागद करत होते.”

हेडमास्तर पुराव्याच्या बाबतीत कच्चं काही ठेवत नाहीत. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर शाईचा डाग होता. त्यांनी बाहेरच्या नळावर वडी ओली केली आणि तो डाग घासला. आम्ही सगळे बघत होतो. डाग होता तसाच राहिला. त्याच्या भोवतीचा सदरा गेला.

“पान दिलं,” हेडमास्तर म्हणाले.

मॅडमनी रुमाल नाकावरून काढला. त्यांची सर्दी, त्या म्हणाल्या, बरी झाली होती. मग त्या गल्लीकडे वळल्या. “आता तुमचं काय? शिडी, पंप, छत्री. दावा लावायचाय की सोडताय?”

गल्ली कोपऱ्यात जमली. बरीच कुजबुज झाली. मग शिंपी सगळ्यांच्या वतीने पुढे आला.

“सोडतो, मॅडम. शिडी नको, पंप नको, काहीच नको. पण आमचीही एक अट आहे. काकांनी ही दिवाळ्याची गोष्ट बाकड्यावर बसून पुन्हा कधी सांगायची नाही.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, “मान्य कर रे. खानदानी रीत आहे आपली.”

“मान्य,” मी म्हणालो. आणि मॅडमनी लिहिलं, ‘अट वाजवी आहे.’

पुस्तक छापून आलं. आजोबांचा फोटो एकवीसच्या पानावर आहे, खाली ओळ: ‘तालुक्यातले एकमेव कारखानदार, ज्यांच्याबद्दल सर्व सावकारांचं एकमत झालं.’ आत्या ते पान रोज पदराने पुसते. अक्षरं जरा फिकी झाली आहेत. वडी पुन्हा पेटीत गेली. फ्रिज अजून मेहुण्याकडेच आहे. त्यावरची जप्ती उठली असल्याचा पुरावा त्याला हवाय.

आणि मी? कोर्टाचा हुकूम मोडणाऱ्यातला मी नव्हे. त्या दिवसापासून बाकड्यावर बसून मी ती गोष्ट एकदाही सांगितलेली नाही. बाकड्याच्या मागे भिंतीला शिंप्याची शिडी लावून ठेवली आहे. मी तिच्या वरच्या पायरीवर बसतो. तिथून आवाज पार पलीकडच्या गल्लीपर्यंत जातो.